हजेरीपटावरचे नाव

दर आठवड्याला या पानावर मला जेमतेम दीड रकाना मिळतो. दिवाळी आली की संपादक उदार होतात आणि 'या खेपेला हात आखडू नका' असे कळवतात. वर्षभर नव्या पुस्तकांची दखल घ्यावी आणि दिवाळीला एखादे जुने पुस्तक फडताळातून काढून, धूळ झटकून वाचकांपुढे ठेवावे, असा माझा शिरस्ता आहे. गणपती उठतात न उठतात तोच काही वाचक 'यंदा कोणते?' म्हणून विचारणा सुरू करतात. अशा वाचकांचा धाक मला संपादकांपेक्षा अधिक वाटतो.

यंदाचे पुस्तक मराठी नाही. मेरी शेली या इंग्रज लेखिकेची 'फ्रँकेन्स्टाइन' ही ती कादंबरी. आमच्या इंग्रजी विभागातल्या सहकाऱ्यांना मी हे सांगितले तेव्हा मराठीच्या मास्तराने दुसऱ्याच्या वावरात नांगर घालू नये, अशा अर्थाचे हसू त्यांच्या तोंडावर उमटले. त्यांचे बरोबर असेल. पण हे पुस्तक मला पुन्हा हाती घ्यावे लागले ते आमच्या सावनेरच्या बसस्थानकावर घडलेल्या एका साध्या गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट त्यांच्या विभागातली नव्हे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. नागपूरच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. हातात परीक्षेच्या पेपरांची जड पिशवी. तेवढ्यात मागून कोणी तरी ती अलगद उचलली आणि म्हणाले, "वळखलं नाही का जी, सर?" वर पाहिले. वर म्हणजे खरोखरच वर पाहावे लागले, कारण माणूस सव्वासहा फूट उंच होता. ओळखले तर मी तत्क्षणी. चौदा वर्षांपूर्वी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला माझ्या वर्गात होता तो. जिभेच्या टोकावर एक नाव आले आणि मी ते आवंढ्याबरोबर गिळून टाकले. ते त्याचे नाव नव्हते. आम्ही चहा घेतला. तो संत्र्यांच्या गाड्यांवर चालक आहे, दोन मुले आहेत, असे कळले. गाडी आली. पिशवी त्याने आत आणून ठेवली. नागपूर येईपर्यंत मी डोके खाजवीत होतो, पण त्याचे खरे नाव काही मला आठवले नाही.

जे आठवले ते सांगतो. त्या वर्षीचा वर्गाचा पहिला दिवस. मी हजेरी घेत होतो आणि हा मुलगा उशिरा आला. दाराच्या चौकटीवर त्याचे कपाळ खाडकन आपटले. रंगाने काळा, तोंडावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे, शर्टाच्या बाह्या मनगटाच्या वर चढलेल्या. मी म्हणालो, "या, घटोत्कच, या!" वर्ग खदखदून हसला. नव्या वर्गाला पहिल्याच तासाला हसवावे, म्हणजे पुढचे वर्ष सोपे जाते, असे मला त्या काळी वाटत असे. मुलगाही हसला. त्या दिवसापासून वर्गात, कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर त्याचे तेच नाव झाले. दिवाळीच्या सुटीनंतर तो आला नाही. दर वर्षी असे पाचदहा जण गळतात, त्यातला एक, असे म्हणून मी सोडून दिले.

आता त्या कादंबरीकडे वळतो. वृत्तपत्रांचे अग्रलेख वाचून ज्यांना हा शब्द माहीत आहे त्यांचा समज असा, की फ्रँकेन्स्टाइन हे एका राक्षसाचे नाव. आपल्याकडे तो भस्मासुराच्या जोडीने वापरतात. दोन्ही चुकीचे आहे. फ्रँकेन्स्टाइन हे त्या प्राण्याला निर्माण करणाऱ्या तरुण विद्यार्थ्याचे आडनाव. त्याने घडविलेल्या प्राण्याला साऱ्या पुस्तकात नावच नाही. आणि भस्मासुराला तर देवाने वर दिला होता. त्याला कोणी दारातून हाकलले नव्हते. या बिचाऱ्याने डोळे उघडले, हात पुढे केला, आणि त्याचा निर्माता त्याचे रूप पाहून खोलीबाहेर पळाला. बारशाआधीच बापाने तोंड फिरविले, एवढाच त्याच्या जन्माचा वृत्तांत.

हे लिहिणारी मुलगी तेव्हा अठरा वर्षांची होती. १८१५ साली दूर सुंबावा बेटावरचा तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या धुराने पुढल्या वर्षी युरोपात उन्हाळा असा पडलाच नाही. त्या पावसाळी १८१६ सालच्या जूनमध्ये जिनीव्हाच्या सरोवराकाठी काही कविमंडळी घरात कोंडून पडली आणि भुताच्या गोष्टी लिहिण्याची पैज लागली. बाकीच्यांच्या गोष्टी बहुतेक विरल्या, मेरीची उरली. पोकळ वाडे, वीज, प्रेते हे सगळे त्या काळच्या भयकथांचे सामान तिच्याजवळ आहे. पण मेरीला जन्म दिल्यावर तिची आई अकरा दिवसांत वारली होती, आणि १८१५ मध्येच तिचे स्वतःचे पहिले मूल गेले होते. जन्म आणि पोरकेपण यांविषयी तिला जे कळले होते ते पैजेत भाग घेणाऱ्या कवींना कळणे कठीण होते.

मला या कादंबरीतली भीती आता भीती वाटत नाही. वाचकांना मी सांगेन, मधली सहा प्रकरणे वाचा. तेथे तो प्राणी स्वतः बोलतो. रानात भटकत भटकत तो एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपतो. भिंतीच्या फटीतून त्यांना पाहतो. आंधळा म्हातारा बाप, मुलगा, मुलगी. ते उपाशी आहेत हे कळल्यावर त्यांच्या साठ्यातले चोरून खाणे तो सोडून देतो. रात्री रानातून लाकडे तोडून त्यांच्या दारात टाकतो. घरात एक परदेशी पाहुणी येते, तिला भाषा शिकविली जाते, आणि फटीला कान लावून हाही शिकतो. एकलव्याची आठवण कोणाला झाली तर मी हरकत घेणार नाही. त्याला रानात एक चामडी पेटी सापडते. तिच्यातली पुस्तके, मिल्टनचे महाकाव्य सुद्धा, तो वाचून काढतो. दारातली लाकडे पाहून ती माणसे कोणा सदय अदृश्य शक्तीला धन्यवाद देतात. ती शक्ती भिंतीपलीकडे अंग चोरून बसलेली असते.

एक दिवस सगळे बाहेर गेलेले पाहून तो धीर करून आत जातो आणि एकट्या म्हाताऱ्याशी बोलतो. म्हातारा आंधळा, म्हणून त्याला फक्त आवाज ऐकू येतो, आणि तो म्हणतो की तुझ्या बोलण्यात खरेपणा आहे. सबंध पुस्तकात या प्राण्याशी माणसासारखे वागलेला हा एकच माणूस, आणि त्याला दिसत नाही! तेवढ्यात मुले परततात. मुलगा काठीने त्याला बडवतो. त्याच्या अंगात त्या पोराचे तुकडे करण्याची ताकद आहे. तो हात उचलीत नाही, निघून जातो. पुढे बुडणाऱ्या एका मुलीला तो वाचवितो आणि बदल्यात बंदुकीची गोळी खातो. खून त्यानंतर सुरू होतात. खून ते खूनच. लेखिकेने त्यांवर पांघरूण घातलेले नाही. त्याचे मागणे मात्र फार थोडे होते: माझ्यासारखा आणखी एक जीव मला करून दे, आम्ही माणसांपासून दूर निघून जाऊ. फ्रँकेन्स्टाइन ती जोडीदारीण करावयास घेतो आणि अर्ध्यात फाडून टाकतो.

कादंबरी गाजली आणि १८२३ साली लंडनमध्ये तिचे नाटक झाले. नाटकवाल्यांनी काय करावे? त्या प्राण्याचे बोलणेच काढून टाकले. रंगमंचावर तो मुका झाला; नुसता येतो, धसमुसळेपणा करतो, जातो. जाहिरातीत पात्राच्या नावाच्या जागी कोरी रेघ ठेवली. मेरी शेली ते नाटक पाहून आली आणि तिला ती कोरी रेघ आवडली, असे तिने पत्रात लिहिले आहे. १९३१ च्या बोलपटातही बोरिस कार्लॉफचा राक्षस नुसता गुरगुरतो. बोलपटात मुका! सहा प्रकरणे ज्याने आपली कैफियत मांडली, त्याची जीभ लोकांनी कापली, चेहरा तेवढा ठेवला. आज मुलांच्या डब्यांवर, सदऱ्यांवर जो चौकोनी डोक्याचा चेहरा दिसतो तो तोच.

आता आमच्या गावाकडे येतो. सावनेर म्हटले की बाहेरच्यांना संत्री आणि कोळशाच्या खाणी आठवतात. मराठीच्या मास्तराला २३ जानेवारी १९१९ ही तारीख आठवते. राम गणेश गडकरी क्षयाने खंगून येथे आपल्या भावाकडे आले होते, आणि त्या दिवशी येथेच वारले. वय अवघे ३३. या शेवटच्या दुखण्यात सावनेरला त्यांनी जे नाटक हातावेगळे केले ते 'भावबंधन'. मरणाच्या दारात बसलेल्या या माणसाने डोळ्यांपुढे कोणाला आणले? घनश्यामला. लतिका या अभिमानी, तिखट जिभेच्या तरुणीने ज्याचा उपहास केला आणि त्या उपहासाने जो सूडाला पेटला, त्या खलपुरुषाला. बळवंत संगीत मंडळीने ते रंगमंचावर आणले तेव्हा मास्टर दीनानाथांची लतिका आणि चिंतामणराव कोल्हटकरांचा घनश्याम यांनी महाराष्ट्र वेडा केला.

दर वर्षी गडकऱ्यांच्या पुण्यतिथीला मी 'भावबंधन'वर बोलतो. त्यांची भाषा, त्यांचा विनोद, धुंडिराज, यावर तास सहज निघतो. घनश्यामला 'खलनायक' म्हणून एका वाक्यात वाटेला लावण्याची माझी रीत होती. मेरी शेलीचे पुस्तक वाचून मी पुन्हा 'भावबंधन' उघडले आणि या वेळी मला दुसरेच काही दिसले. गडकऱ्यांनी घनश्यामला बोलू दिले आहे. साधे बोलू दिलेले नाही. कोटीवर कोटी, उपमेवर उपमा, पानेच्या पाने. नाट्यदृष्टीने हे अति आहे, असे टीकाकार म्हणत आले आणि मीही वर्गात तेच म्हणतो. तरी लंडनच्या नाटकवाल्यांनी ज्याला मुके केले त्याच्या भावाला गडकऱ्यांनी दहा तोंडांची वाणी दिली, हे मला आता त्यांचे मोठेपण वाटते. नाटक पाहताना प्रेक्षक लतिकेच्या बाजूने हसतो, आणि मग घनश्याम बोलू लागला की त्या हसण्याचा हिशेब त्याला द्यावा लागतो. मात्र मी इतकी वर्षे तो हिशेब दिला नव्हता. मी लतिकेच्या बाजूनेच हसत राहिलो होतो, वर्गातसुद्धा.

इथवर मेरी शेली आणि गडकरी हातात हात घालून चालतात. पुढे मला मेरी शेलीशी भांडावयाचे आहे. ज्याला समाज झिडकारतो तो दुष्ट होतो, हे तिचे प्रमेय. वाचताना पटते. पण आपल्या या मुलखात राहून ते जसेच्या तसे मान्य करता येत नाही. 'फ्रँकेन्स्टाइन' प्रसिद्ध झाले १ जानेवारी १८१८ रोजी. योगायोग पाहा, त्याच दिवशी भीमेच्या काठी कोरेगावची लढाई चालू होती. तेथल्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत 'नाक' या शेवटाची महार शिपायांची नावे पुष्कळ आहेत. गावात ज्यांच्या सावलीचा विटाळ होई त्यांची नावे दगडावर! डॉ. आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभापाशी गेले, ते उगाच नव्हे.

पुढे १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत ती शिकली. फटीला कान लावून तिला शिकावे लागले नाही. कोणी तरी दार उघडले होते. आणि अलीकडचे पाहा. १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले, १९८० मध्ये लक्ष्मण मान्यांचे 'उपरा', १९८४ मध्ये शरणकुमार लिंबाळ्यांचे 'अक्करमाशी', १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या'. ही पुस्तके मी वर्षानुवर्षे शिकवतो. पण त्यांची नावे एका ओळीत लिहून मी कधी पाहिली नव्हती. उपरा, अक्करमाशी, उचल्या. हे शब्द लोकांनी त्यांना चिकटवले होते. शिवी म्हणून, टोपणनाव म्हणून, पोलिसांच्या दप्तरातली नोंद म्हणून. त्यांनी तोच शब्द उचलला, मुखपृष्ठावर छापला आणि त्याच्याखाली आपले स्वतःचे नाव सही केल्यासारखे लिहिले. मेरी शेलीच्या प्राण्याला हे करता आले नाही. आपली कैफियत त्याने फक्त आपल्या निर्मात्यापुढे मांडली, आणि ती लिहून ठेवली ती भलत्याच माणसाने.

मग हे लेखक दुष्ट का झाले नाहीत? ते स्वभावानेच थोर होते, असले गुळमुळीत उत्तर मी देणार नाही. मला वाटते, त्यांना 'आणखी एक' होता. फ्रँकेन्स्टाइनने जी जोडीदारीण फाडून टाकली ती यांना मिळालेली होती: आई होती, वस्ती होती, शाळा होती, चळवळ होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसे एका मैदानावर जमली आणि त्यांनी धर्म बदलला. त्यांतला प्रत्येक जण गावात झिडकारलेला असेल, एकटा मात्र नव्हता. कादंबरीतल्या त्या प्राण्याचे रूप हे त्याचे दुर्दैव खरेच, पण त्याचे एकटेपण हे त्याहून मोठे दुर्दैव होते.

हे विचार मांडून मी लेख संपविणार होतो. परंतु बसस्थानकावरच्या माणसाचे नाव मला अजून आठवले नव्हते, आणि निनावी प्राण्यावर दोन हजार शब्द लिहिणाऱ्याने हे तसेच सोडावे, हे मला बरे वाटेना. महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन कारकुनाकडून चौदा वर्षांपूर्वीचा हजेरीपट काढवून घेतला. वाळवीने कडा खाल्लेल्या होत्या. त्याचा क्रमांक सापडला, नाव सापडले. ते चांगले चार अक्षरी नाव आहे. त्याला न विचारता येथे छापीत नाही. जून ते ऑक्टोबर सगळीकडे हजर. नोव्हेंबरपासून गैरहजर, आणि फेब्रुवारीत तांबड्या शाईने 'नाव कमी'. अक्षर माझेच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी केळवदच्या बाजूला असलेल्या त्याच्या खेड्यात गेलो. त्याने खाट टाकली. इकडचे तिकडचे झाल्यावर मी त्या पहिल्या दिवसाची गोष्ट काढली आणि, मास्तरकीची सवय जात नाही, घटोत्कच हा किती शूर होता, ऐन युद्धात त्याने कर्णाची शक्ती कशी अंगावर घेतली, असे काहीबाही बोलू लागलो. बोलता बोलताच माझ्या लक्षात आले, की घटोत्कच हे नावदेखील महाभारतात त्याला रूपावरूनच पडले आहे: घटासारखे, केस नसलेले डोके. मी गप्प झालो. कॉलेज त्यामुळे सोडलेस का, असे शेवटी सरळच विचारले.

"नाही जी," तो म्हणाला. "बाबा खाटल्यावर पडले, वावर पाहाले कोणी नव्हतं. नावाचं काय एवढं, पोट्टे तं ठेवतेतच." मग थोडा वेळ तो बोलला नाही. अंगणातल्या कोंबडीला त्याने हुसकावले. "पण सर, एक सांगू का? तुम्ही हजेरी घेत होते तं माह्यं नाव म्हणतच नव्हते. माह्या नंबर आला का वर पाहात आन् टिक करत. साऱ्याइचं नाव घेत, माह्यं नाही."

हे खरे आहे. मला ते लख्ख आठवले. त्याचे नाव घेतले की मागल्या बाकावरून 'घटोत्कच' असा पुकारा होई आणि हशा पिकत असे. तो टाळावा म्हणून मी नाव घेणे सोडले होते. मी ते त्याच्यावर केलेले उपकार समजत होतो. त्या साठ मुलांत वर्गात ज्याचे नाव कधी उच्चारले गेले नाही असा तो एकटाच होता, आणि हजेरीपटावर सगळीकडे हजर.

मी त्याचे नाव घेऊन त्याला हाक मारली, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. तो 'हजर' वगैरे काही म्हणाला नाही. "बसा जी, चहा ठेवाले सांगतो," म्हणाला आणि दारात नेहमीच्या सवयीने मान वाकवून आत गेला.